कॅम्पर व्हॅनमधला फ्रिज रात्री बंद पडतो आणि गॅसची ज्योत पिवळी दिसते, बॅटरी बदलू का?

एवढ्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की गुहागरला समुद्राला लागून मुक्काम केल्यापासून फ्रिज रात्रीच बंद पडतो आणि बॅटरीवर मात्र १२.६ व्होल्ट दिसतात. मी रत्नागिरीत बोटींचं वायरिंग करतो. किनाऱ्यावर असं झालं की आधी वायरिंगच्या सांध्यांवर संशय घ्यायचा.

फ्रिज ५ अँपिअर घेत असेल आणि खार धरलेल्या लगमध्ये (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीत) ०.३ ओहमचा अडथळा बसला असेल, तर दीड व्होल्ट तिथेच जातो. दिवसा सोलर किंवा अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा चार्जर) व्होल्टेज साडेतेराच्या वर ठेवतो म्हणून ते जाणवत नाही. रात्री साडेबारातून दीड गेला की उरतात ११. कॉम्प्रेसर उचलताना व्होल्टेज आणखी बसतं, आणि १२ व्होल्टचे बरेच फ्रिज साडेदहाच्या आसपास स्वतःच बंद होतात.

म्हणून मीटर कॉम्प्रेसर चालू असतानाच लावा. बंद असताना दिसणाऱ्या १२.६ ला काही अर्थ नाही. बॅटरीवर साडेबारा आणि फ्रिजच्या टर्मिनलवर ११ आले तर दोष वाटेत आहे. बॅटरीच पटकन साडेअकराच्या खाली येत असेल तर मात्र ती संपली, खर्च करा. वाटेतला दोष शोधायला मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी चासीवरच्या अर्थिंगच्या बोल्टवर ठेवा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने उघडं लोखंड दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आवळल्यानंतरच. फ्यूज होल्डरलाही हात लावून बघा, गरम लागला तर सरळ बदला. वायर सोलल्यावर आत तांबं काळं-हिरवं निघालं तर नुसता लग बदलून भागणार नाही. आमच्याकडे बोटीला कथिल चढवलेली वायर घालतात ती याचसाठी.

आता ज्योत. खाऱ्या हवेतल्या सोडियमने ज्योतीत नारिंगी ठिणग्या दिसतात, त्यात बिघाड नाही. पण टोकं मऊ पिवळी असतील आणि भांड्याचं बूड काळं होत असेल तर बर्नरला हवा कमी पडतेय. बर्नरच्या हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी वाळू किंवा कोळ्याचं जाळं असतं, ते काढा. तोवर खिडकी उघडी ठेवूनच स्वयंपाक करा, अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जेटमध्ये (गॅस सुटतो त्या बारीक भोकात) सुई घालू नका, भोक मोठं होतं.

रेग्युलेटर आणि नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, गाडीच्या तळाशी साचतो. वास आला तर सिलेंडर बंद करून दारं उघडा, फ्रिज-लाइटच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. आणि परत जाताना धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवायच्या आधी रेग्युलेटर बंद करा.