पेरणीआधी शब्द द्या

प्रश्न : गोव्यातल्या पेडणे तालुक्यात किनाऱ्याजवळ आमचं छोटं हॉटेल आणि खाणावळ आहे. तांदूळ, मिरची, भाजी आम्ही म्हापशाहून आणतो. आमच्याच गावातले शेतकरी मात्र दरवर्षी हवालदिल होतात. कधी जून कोरडा जातो, कधी कापणीच्या तोंडावर पाऊस कोसळतो, खाडीकाठच्या खाजन शेतात खारं पाणी शिरतं. त्यांच्यासाठी काही करावं असं मनापासून वाटतं. कुणी झाडं लावा म्हणतं, कुणी पंप द्या म्हणतं. आम्ही नेमकं काय करावं?
— एक हॉटेलचालक

उत्तर : झाडं आणि पंप तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या हातात त्याहून मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे तुमची रोजची खरेदी. कृषी खात्यात असताना खाजनातल्या शेतकऱ्यांशी मी बियाण्यांबद्दल पुष्कळ बोलले. बोलणं शेवटी एकाच जागी अडायचं : "बाई, लावू आम्ही, पण घेणार कोण?"

खारं सोसणारं भात आपल्याकडे पूर्वापार आहे. कोरगुट उंच वाढतो, दाणा लाल, चव पेजेला उत्तम. पण उतारा कमी, म्हणून जया आणि ज्योती या सुधारित जातींपुढे तो मागे पडला. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' या जाती दिल्या. म्हणजे बी आहे, जमीनही आहे. नाही ते खात्रीचं गिऱ्हाईक, आणि ते तुम्ही होऊ शकता.

रोपांसाठी तरवा टाकण्याआधी, मे महिन्यातच, गावातल्या चार-पाच शेतकऱ्यांबरोबर बसा. वर्षाला किती तांदूळ लागतो, उकडा किती, सुरय म्हणजे न उकडलेला किती, ते कागदावर लिहा. 'त्या वेळच्या बाजारभावाने घेऊ' असं मोघम लिहू नका. कमीत कमी दर आजच ठरवा. बाजार वर गेला तर वरचा दर द्या. एक तृतीयांश रक्कम पेरणीला आगाऊ द्या, कारण नांगरणी आणि मजुरीला पैसा तेव्हाच लागतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं कलम. पावसाने पीक नेलं तर त्या आगाऊ रकमेचं काय? माझं मत ठाम आहे : अर्धी सोडून द्यायची आणि अर्धी पुढच्या हंगामाच्या तांदळातून वळती करायची. व्याज नाही, तगादा नाही. बिघडलेल्या ऋतूचा सगळा भार आज एकटा शेतकरी उचलतो. त्यातला थोडा तुम्ही अंगावर घेतलात तरच त्याला आधार दिला असं म्हणता येईल. एवढी खात्री मिळाली की नवी जात लावून बघायचं धाडस तो करतो.

कापणीत भात भिजलं तर कांडताना कणी जास्त पडते. ती नाकारू नका. पेजेला, वाफवलेल्या सान्नांना कणी चालते. मेनूवर लाल उकड्याचं शीत, म्हणजे भात, ठळक लिहा, पाहुणे आवडीने खातील. आणि एक अडचण आधीच सांगून ठेवते : दोन-चार पोती वेगळी उकडून कांडून द्यायला गिरणीवाले तयार होत नाहीत. त्यांच्याशी तुम्ही बोला, तो खर्च तुमच्याकडे घ्या. चांगलं देशी भात कितीदा तरी याच टप्प्यावर नेहमीच्या भातात मिसळून जातं.

मिरचीचंही तसंच. हरमलची मिरची उन्हात वाळते, आणि मे महिन्यात अवचित सर आली की पसरलेल्या मिरचीला बुरशी धरते. २०२१च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ तुम्हाला आठवत असेल. पावसाळा जवळ येताना तुमच्याकडे पाहुणे कमी असतात. गच्चीवर पारदर्शक पत्र्याची, हवा खेळती राहील अशी शेड घाला आणि वाळवणाला मोकळी ठेवा.

खाजनाविषयी जरा सविस्तर सांगते. बांध पाहायला ओहोटीच्या वेळी जा. मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, उभे राहा. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने मानशीचं लाकडी दार लागतं. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. इतकी साधी आणि शहाणी रचना आपल्या पूर्वजांनी केली. पण फळी कुजून वीतभर फट पडली, की प्रत्येक भरतीला खारं पाणी शेतात येतं. बांधाला खेकडे भोकं पाडतात. ती वेळीच चिखलाने बुजवली नाहीत तर पहिल्या मोठ्या उधाणाला तिथेच भगदाड पडतं. शेतात मुरलेलं मीठ धुवायला पावसाचंच पाणी लागतं, आणि पाऊस लांबला की लावणीही लांबते.

हे काम मात्र स्वतःच कंत्राटदार लावून करू नका. बांध एकट्या कुणाचा नसतो. कूळ संघटनेकडे किंवा गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादीकडे जा, त्यांच्या बैठकीत ठराव होऊ द्या आणि दरवर्षी पावसाआधी देखभालीला ठरावीक रक्कम द्या. एकदाच मोठा चेक देऊन मोकळं होण्यापेक्षा दरवर्षीचे थोडे पैसे बांधाला जास्त उपयोगी पडतात. त्याआधी आपल्या जागेकडेही पाहा. पार्किंगसाठी भराव टाकताना एखादा व्हाळ, म्हणजे ओढा, बुजला असेल तर तो आधी मोकळा करा.

हा खर्च दानधर्म म्हणून मांडू नका. नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करण्याचा कायदा ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांसाठी आहे. तुमचा तांदूळ खरेदीच्या खात्यातच लिहा. दान आवरतं घेता येतं, स्वयंपाकघराची गरज थांबत नाही.

पीक विम्याबद्दलही थोडं. प्रधानमंत्री पीक विम्यात खरीप भातासाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंतच असतो. तो तुम्ही भरू शकता. योजनेत बसणाऱ्या स्थानिक आपत्तीत नुकसान झालं तर ७२ तासांत कळवावं लागतं. तुमच्या काउंटरवरच्या मुलाला तो अर्ज भरायला शिकवा. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव नसलेली कुळं कागदांपाशीच अडतात, त्यांना सोबत घेऊन विभागीय कृषी कार्यालयात जा.

प्रश्न : डिचोलीत आमचा काजू कारखाना आहे. ढगाळ हवेने मोहोर करपतो, स्थानिक बी कमी पडते. बागायतदारांना कलमं फुकट वाटावीत का?
— एक कारखानदार

उत्तर : वाटा, पण लावणीच्या फोटोवर थांबू नका. कलमाला बऱ्यापैकी फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, आणि ते मरतं पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत. म्हणून कलमांची संख्या निम्मी करा आणि उरलेल्या पैशांतून बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन, मार्च ते मे पाणी आणि मेलेल्या कलमाच्या जागी नवं कलम, एवढं बघा. सगळी एकाच जातीची देऊ नका. लवकर आणि उशिरा मोहोरणारी मिसळून द्या, म्हणजे एका ढगाळ आठवड्यात सगळी बाग जाणार नाही. जुनी गावठी झाडं सरसकट तोडायला सांगू नका. त्यांतली चांगली ओळखून त्यांच्याच काड्यांची कलमं बांधून घ्या. त्यासाठी झाडं बोंडू, म्हणजे काजूची फळं, लागलेले असतानाच हेरून त्यांना खूण करून ठेवा.