दुभंगलेल्या टाळूच्या मुलाचं आता नवव्या वर्षी हिरडीत हाड भरायचं ऑपरेशन आहे, त्याची मनाची तयारी कशी करावी?

आम्ही बेळगावजवळच्या खानापूरकडचे, आमच्या पोराचं ओठाचं तान्हेपणी, टाळूचं वर्षाच्या आसपास आणि हे हाडाचं गेल्या वर्षी झालं. खरं सांगू का, पहिली दोन आपल्याला जड जातात, पोराला काही आठवत नाही, हे मात्र त्याला सगळं कळतंय म्हणून वेगळंच आहे. दुखणार नाही असं अजिबात सांगू नका, हाड बहुतेक कमरेच्या बाजूचं काढतात आणि तोंडापेक्षा तिथंच जास्त दुखतंय, थोडे दिवस लंगडत चालतो, हे आधीच सांगितलेलं असलं की पोरगं घाबरत नाही. तिथला पक्का दात यायच्या आधी हाड भरलं तर दाताला आधार मिळतो म्हणून याच वयात करतात, हेही त्याला सांगा, आमच्याकडं 'मलाच का' हा प्रश्न त्यामुळं जरा कमी झाला. भूल द्यायच्या आधी सहा तास खाणं बंद असतंय, तेव्हा त्याच्यासमोर तुम्हीपण चहा पिऊ नका. नंतर पेज, नाचणीची आंबील, मऊ भात, सगळं कोमट. स्ट्रॉ नको, नाक जोरात शिंकरू देऊ नका. बघायला येणारे कुंदा (आमच्याकडची दुधाची मिठाई) आणतातच, तो तुम्ही खा. कन्सेंट फॉर्म कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये असतोय, सिस्टरना मराठीत समजावायला सांगून मगच सही करा. आणि हो, खर्चाचं टेन्शन असेल तर हॉस्पिटलात स्माइल ट्रेन या संस्थेचं विचारा, त्यांच्या पार्टनर हॉस्पिटलात ही ऑपरेशनं फुकट होतात.