पोदेराच्या पावात ग्वा बाव का जमत नाही?

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी तैवानमधील तैपेईला असते. तिथे रस्त्यावर मिळणारा ‘ग्वा बाव’ हा सारण भरलेला पाव तिला फार आवडतो. तिने सांगितल्याप्रमाणे मी तो करून पाहिला. पण पोदेराच्या (गोव्यातील पाववाल्याच्या) मऊ पावाचा रसाने लगदा झाला आणि उंड्यात, म्हणजे कडक कवचाच्या गोल पावात, भरला तेव्हा चावताना सारण मागून बाहेर आले. आम्ही डुकराचे मांस खात नाही. हा पदार्थ घरी कसा करावा? — एक वाचक, फोंडा

उत्तर : आपला हात चुकलेला नाही, पावाची निवड चुकली आहे. ग्वा बाव भट्टीत भाजत नाहीत, वाफवतात. त्यामुळे त्याला कवच येत नाही आणि चावताना तो सारणाबरोबरच तुटतो. उंड्याची खरी गोडी त्याच्या कवचात आहे, इथे मात्र तेच आड येते. आपल्याकडे त्याचे नाते शोधायचे तर ते सोरपोतेलाबरोबर (डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट रश्शाबरोबर) खाल्ल्या जाणाऱ्या सान्नांशी, म्हणजे तांदळाच्या इडलीसारख्या वड्यांशी, जुळते, कारण तीही वाफेवरच फुगतात.

नावाचा अर्थ ‘कापलेला पाव’ असा असला, तरी सहसा मैद्याची लांबट पारी लाटून, तिला तेलाचा हात लावून ती दुमडतात व वाफवतात, म्हणजे ती आपोआप उघडते. आत सोया सॉसमध्ये मंद शिजवलेले डुकराच्या पोटाचे मांस, परतलेला आंबवलेला मोहरीचा पाला, साखर घातलेले दाण्याचे कूट आणि कोथिंबीर असते. या रूपावरून त्याला ‘वाघाने तोंडात धरलेले डुक्कर’ असेही म्हणतात. तैवानात चिनी पंचांगाच्या बाराव्या चांद्र महिन्याच्या १६ तारखेला भूमिदेवाला नैवेद्य दाखवून मालक आपल्या कामगारांना जेवण देतात, त्या दिवशी हा पदार्थ आवर्जून खातात, कारण फुगलेल्या पाकिटासारखा त्याचा आकार भरभराटीचे लक्षण मानला जातो. गावाचे रक्षण करणाऱ्या राखणदार देवाला मान देणाऱ्या गोमंतकीयांना ही भावना वेगळी समजावून सांगायला नको.

डुकराच्या मांसाऐवजी कोवळा फणस किंवा कोंबडीच्या मांडीचे तुकडे घ्यावेत. सोया सॉस, गूळ, आले आणि चक्रीफूल घालून ते शिजवावेत व रस तुकड्यांना चिकटेपर्यंत आटवावा. आपला पाव भिजला त्यात पातळ रसाचाही वाटा असणार. मोहरीच्या पाल्याऐवजी मुळ्याचा पाला मीठ चोळून दोन दिवस ठेवावा आणि घट्ट पिळून परतावा. दाण्याचे कूट मात्र गाळू नये, खारट-आंबट सारणाला गोडवा तेच देते.

पारीसाठी ३०० ग्रॅम मैदा, एक लहान चमचा यीस्ट, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि सुमारे १६० मिलिलिटर कोमट पाणी घेऊन पीठ मळावे आणि ते दुप्पट फुगू द्यावे. मग पाऱ्या लाटून, दुमडून अर्धा तास झाकून ठेवाव्यात आणि केळीच्या पानाच्या तुकड्यांवर, मोदकपात्रात दहा मिनिटे वाफवाव्यात. हळदीचे पान पातोळ्यांनाच शोभते, इथे त्याचा वास सारणावर मात करतो. झाकणाला कापड बांधावे, नाहीतर पाण्याचे थेंब पडून पारीवर डाग उठतात. आंच बंद केल्यावर झाकण आधी बोटभरच सरकवावे व तीन-चार मिनिटांनी पूर्ण काढावे, कारण एकदम उघडल्यास फुगलेली पारी आकसून सुरकुतते.