लोणावळा ते कर्जत, राजमाचीमार्गे चालत

प्रश्न : ताई, ऑगस्टमध्ये १२ वर्षांच्या मुलाला घेऊन लोणावळ्याहून राजमाची करून कर्जतला उतरायचंय, एका दिवसात जमेल का?

उत्तर : दादा, नक्की जा, पण एका दिवसात कोंबू नका. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचं गाव उधेवाडी साधारण १५ किलोमीटर, वाट बरीचशी सपाट पण चिखल भरपूर, त्यात पोरगं प्रत्येक ओढ्यात उतरणार, म्हणजे सहा तास धराच. मुक्काम गावातच कुणाच्या तरी घरी करा, गरम पिठलं-भाकरी मिळते हो! सकाळी धुकं हटलं की राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला चढून या.

खरी परीक्षा कर्जतच्या बाजूला कोंढाणे लेण्यांकडे उतरताना असते, उभी उतरण, शेवाळलेले दगड, मुळं ओली, इथे घाई केली की पाय गेलाच म्हणून समजा. झिजलेल्या सोलचे बूट अजिबात नकोत. आणि मुसळधार पाऊस लागला असेल तर सरळ आल्या वाटेने परत फिरा, पोराच्या जिवापुढे हट्ट नको.

खाली कोंढाणे लेणी आहेत, २००० वर्षांपूर्वीची, चैत्याच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावर दगडात लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल कोरलीय आणि पावसाळ्यात समोर धबधब्याचा पडदाच पडतो, तिथे अर्धा तास तरी बसा. पुढे कोंदिवड्याहून कर्जतला रिक्षा मिळते.