नोटीस पाठवली तर विश्वास कमी पडला का?

प्रश्न : वडगाव शेरीतलं भाड्याचं घर सोडून पाच महिने झाले. मालक अनामत रक्कम देत नाही. चर्चच्या मंडळीतले काही म्हणतात, ‘देवावर सोपव, कोर्टाची पायरी चढू नकोस.’ काय करावं? – एक भगिनी

उत्तर : ताई, सोपवणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. बायबलमधल्या लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाकडे वारंवार जाते आणि येशू तिचाच दाखला प्रार्थनेसाठी देतो. पौलानेही कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५). रोमकरांस १२:१९ सूड देवावर सोपवायला सांगतं; हक्काचे पैसे मागणं हा सूड नव्हे. मालक ख्रिस्ती विश्वासातला बंधू असेल, तर मात्र १ करिंथ ६ प्रमाणे आधी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना मध्यस्थी करू द्या.

आता कागद. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार, अनामत दिल्याची बँक नोंद, चावी परत केल्याचा मेसेज एकत्र ठेवा. पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी मागणी पोचपावतीसह पाठवा. बहुतेकांचं इथेच चुकतं : सगळं फोनवर बोलतात, पुरावा उरत नाही. वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते; ‘देव बघेल’ म्हणत ती घालवू नका. पुण्यातल्या शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

नोटिशीत शिव्याशाप नकोत. लिहिण्याआधी स्तोत्र ३७ वाचा, राग थोडा निवळतो. आणि रक्कम वाढवून मागू नका. रंगकामाची वाजवी कपात करारात असेल तर मान्य करा.