गाडीचा सल्ला : प्रेल्यूड परतली, पण गिअर कुठे गेला?

होंडाची प्रेल्यूड ही दोन दारांची बुटकी गाडी, म्हणजे कूपे, २००१ मध्ये बंद झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये टोकियोच्या जपान मोबिलिटी शोमध्ये ती कॉन्सेप्ट, म्हणजे प्रदर्शनापुरता नमुना, म्हणून पुन्हा दिसली आणि सप्टेंबर २०२५ पासून जपानमध्ये विक्रीलाही आली. सोलापुरातून यावेळी आलेली बहुतेक पत्रं तिच्यावरच आहेत. अर्धी रागाची, अर्धी हळहळीची.

कॉन्सेप्ट पाहून जीव वेडावला होता. प्रत्यक्षात हायब्रीड, मॅन्युअल गिअर नाही, ताकद फक्त २०० हॉर्सपॉवर. आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात, नाव विकलं. तुमचं मत?
— एक वाचक, जुळे सोलापूर

मॅन्युअल का नाही, याचं उत्तर गाडीच्या आतच आहे. होंडाच्या या दोन मोटरच्या हायब्रीडमध्ये नेहमीचा गिअरबॉक्सच नसतो. शहरात २ लिटरचं पेट्रोल इंजिन जनरेटर फिरवतं, त्या विजेवर दुसरी मोटर चाकं ओढते. हायवेवर एका लयीत चालताना एक क्लच लागतो आणि इंजिन एकाच ठरावीक रेशोने थेट चाकांना जोडलं जातं. बदलायला गिअरच नाहीत, तर गिअरचा दांडा कशाला जोडणार? मॅन्युअल द्यायचा म्हणजे इंजिनापासून सगळी यंत्रणा बदलायची. कंपनीने कंजुषी केली हा आरोप म्हणून टिकत नाही. ही यंत्रणा निवडलीच का, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

त्यावर ‘एस प्लस शिफ्ट’ नावाची सोय दिली आहे. पॅडल दाबलं की इंजिनाचे फेरे आणि मोटरचा जोर असे बदलतात की आठ गिअर असल्याचा भास होतो. हे नाटक आहे, यात वाद नाही. पण वळणाआधी डावं पॅडल दाबल्यावर गाडी आवरते, ते आवरणं खरं असतं.

आता आकड्यांचं. पाचव्या पिढीची अमेरिकेतली प्रेल्यूड शेवटच्या काळात २०० हॉर्सपॉवरचीच होती, आणि आजची अमेरिकी आवृत्तीही २०० चीच. पंचवीस वर्षांत काय केलं, असं कुणीही विचारेल. पण जुन्या २.२ लिटर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळ देण्याचा जोर, २१२ न्यूटन मीटरच्या आसपास होता आणि तो मिळायला ५,२५० फेऱ्यांपर्यंत चढावं लागे. नवीचा ३१५ आहे, आणि मोटरचा असल्यामुळे पाय ठेवताक्षणी मिळतो. म्हणजे जवळपास दीडपट. सिग्नलवरून सुटताना आणि ओव्हरटेकला जाणवतो तो हाच. वर चढत जाणाऱ्या इंजिनाची मजा गेली, ही हळहळ खरी. गाडी मंद झाली, हे खरं नाही.

ज्यावर कट्ट्यावर कुणी बोलत नाही ते सांगतो, कारण पैसे तिथे गेले आहेत. पुढचं सस्पेन्शन होंडाच्याच वेगवान सिव्हिक टाइप आरकडून घेतलेलं आहे. बहुतेक गाड्यांतल्या साध्या मॅकफर्सन रचनेत चाक वळलं की पूर्ण स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकचा उभा खांब) त्याच्याबरोबर फिरतो. फिरण्याचा अक्ष वरच्या माउंटिंगपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत तिरका जातो आणि चाकाच्या मध्यापासून बराच आत राहतो. ॲक्सलचा जोर त्या अंतराच्या बळावर चाकाला पीळ देतो. दोन्ही बाजूंचा पीळ सारखा नसला की स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढलं जातं. टाइप आरच्या रचनेत स्ट्रट जागच्या जागी राहतो, नकल (चाक धरणारा भाग) वेगळा फिरतो आणि अक्ष चाकाच्या मध्याजवळ सरकतो. पीळ द्यायला अंतर फारसं उरत नाही. पुढच्या चाकांवर ३१५ न्यूटन मीटर टाकायचे तर ही गोष्ट बॉनेटखालच्या आणखी पन्नास घोड्यांपेक्षा मोलाची आहे. ब्रेकही टाइप आरचे, पुढे चार पिस्टनच्या कॅलिपरसह. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,६०५ मिलिमीटर, म्हणजे सिव्हिकपेक्षा आखूड, त्यामुळे वळायला चपळ.

आमची तक्रार किमतीबद्दल आहे. जपानमध्ये ६१,७९,८०० येन आणि अमेरिकेत ४२,००० डॉलरपासून पुढे. या पैशात मागणारा माणूस ताकदही मागणारच. आणि १९८७ च्या तिसऱ्या पिढीत जे फोर व्हील स्टिअरिंग होतं, ते नव्या गाडीत नाही, हेही खटकतं. त्या जुन्या गाडीत स्टिअरिंग थोडं वळवलं की मागची चाकं त्याच दिशेला जास्तीत जास्त दीड अंश, आणि पूर्ण वळवलं की उलट दिशेला ५.३ अंशांपर्यंत. हे सगळं संगणकाशिवाय, नुसत्या दांड्या-गिअरवर. नाव त्या गाडीमुळे मोठं झालं होतं.

गिअर नसलेली गाडी चालवायला कशी लागते, ते सोलापुरात बसून कळेल का?
— एक वाचक, होटगी रोड

बरंच कळेल. मे २०२२ मध्ये आलेल्या होंडाच्याच सिटी हायब्रीडमध्ये हेच तत्त्व आहे, इंजिन १.५ लिटरचं, एकूण १२६ पीएस. टेस्ट ड्राइव्हला किंवा मित्राची मिळाली तर सात रस्त्याला एक चक्कर मारून परत येऊ नका. शहरात ती नुसती शांत लागेल आणि तुम्ही खूश होऊन उतराल. पुणे रस्त्याला गावाबाहेर न्या, डॅशबोर्डवर ऊर्जेच्या प्रवाहाचं चित्र लावा आणि शेजारच्याला ते बघायला सांगा, स्वतः रस्ता बघा.

आधी एका लयीत ऐंशी-नव्वदवर चालवा. इंजिनाची थेट चाकांशी जोड झालेली चित्रात दिसेल आणि आवाजही वेगाशी जुळलेला असेल. मग ओव्हरटेकसाठी पाय पूर्ण दाबा. जोड सुटते, इंजिनाचा आवाज एकदम वर जातो आणि तिथेच अडकतो, वेग मात्र मागाहून वाढत राहतो. आवाज आणि वेग यांची ही फारकत काहींना पाच मिनिटांत अंगवळणी पडते, काहींना वर्षभर खुपते. एस प्लस शिफ्ट ही फारकत झाकायलाच काढली आहे. तुम्हाला खुपली नाही, तर त्या नाटकाचीही गरज नाही. सिटीतली पॅडल गिअरची नाहीत, पाय उचलल्यावर गाडी किती आवरावी ते ती ठरवतात. उतारावर दोन्ही दाबून फरक बघा.

मेमधल्या भर दुपारी घेतलीत तर आणखी एक. हायब्रीडची बॅटरी साधारणपणे मागच्या सीटजवळच्या जाळीतून केबिनची हवा ओढते. जाळीवर चादर, बॅग, भाजीची पिशवी टाकली की बॅटरी तापते, गाडी तिला जपायला जोर कमी करते आणि मालक म्हणतो मायलेज पडलं.

कॉन्सेप्ट आणि शोरूमची गाडी यांत नेहमी फरक का? फोटोवरून आधी ओळखता येतं का?
— एक वाचक, अक्कलकोट

येतं. आरशांच्या जागी कॅमेऱ्याच्या काड्या असतील, वायपर नसतील, नंबरप्लेटला जागा नसेल आणि चाक-कमानीमध्ये बोटही जाणार नाही इतकी फट असेल, तर तो पुतळा आहे. उलट दरवाजाच्या फटी, पेट्रोलचं झाकण, नेहमीच्या मापाचे आरसे असं सगळं असेल, तर आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. पादचाऱ्याचं डोकं आपटलं तरी खाली इंजिन लगेच लागू नये म्हणून विक्रीच्या गाडीत बॉनेट उंच ठेवावा लागतो, आणि नाक जाडं होतं ते बहुधा त्यामुळेच. प्रेल्यूडची कॉन्सेप्ट या मापाने प्रामाणिक होती. विक्रीची गाडी तिच्या बरीच जवळ आहे.

बुटकी कूपे आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर टिकेल का? की पोट घासूनच मरेल?
— एक वाचक, विजापूर रोड

टेप घेऊन मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसचा प्रमाणित गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असतो. २.६ मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर मधोमध आली की पुढची-मागची चाकंही उंचवट्यावरच असतात. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर रस्ता जेमतेम ५ सेंटिमीटर येतो. अशा कूपेचा ग्राउंड क्लिअरन्स १३-१४ सेंटिमीटर धरला तरी भरपूर जागा उरते.

मारतो तो गल्लीतला. डांबराचा उरलेला ढीग ओतून केलेला, दीड फूट रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच. पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढलेली नसतात, आणि सगळीच्या सगळी उंची पोटाखाली येते. तेरातून पंधरा जात नाहीत, हा हिशेब वेग कमी करून बदलत नाही. तिरकं घ्यावं. एका वेळी एकच चाक चढतं आणि त्या बाजूचं पोटही उचललं जातं. रस्ता मोकळा हवा, नाहीतर मागून येणारी रिक्षा तुमच्या दारात. चौघं बसलेले असतील तर दोघांना उतरवा. लाजायचं कारण नाही.

टायरचं दुखणं वेगळं. प्रेल्यूडला २३५/४० आर १९ टायर आहेत. २३५ चे ४० टक्के, म्हणजे कडेची भिंत ९४ मिलिमीटर. सिटी हायब्रीडच्या १८५/५५ आर १६ ची साधारण १०२. फरक आठच मिलिमीटरचा वाटतो, पण रिम तीन इंच मोठी आणि गाडी जड. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, कडेला धारदार तुकडे सुटतात. अशा कडेवर वेगात चाक गेलं की भिंत रिम आणि दगडात चिमटते. आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी भिंतीवर लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आला की टायर बदला, पंक्चरवाला काहीही म्हणो.

हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी भरा. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. दुपारी पुण्याहून आलेल्या गरम टायरमध्ये ४ पीएसआय जास्त दिसले म्हणून हवा सोडली, तर पहाटे टायर कमी हवेचा असतो. चिमटा बसतो तो अशाच टायरला.

जपानहून मागवली तर सोलापुरात रस्त्यावर किती पडेल?
— एक वाचक, बार्शी

सप्टेंबर २०२५ नंतरचे दर धरून ढोबळ हिशेब. गाडी, विमा आणि जहाजभाडं मिळून ३० लाख धरू. ही रक्कम ४०,००० डॉलरच्या आत आणि पेट्रोल इंजिन ३,००० सीसीच्या आत असेल तर आयात शुल्क ७० टक्के, म्हणजे २१ लाख. झाले ५१. त्यावर ४० टक्के जीएसटी २०.४ लाख. झाले ७१.४. महाराष्ट्रात आयात गाडीला रस्ता कर २० टक्के, म्हणजे आणखी १४ लाखांच्या वर. विमा न धरता ८५ लाख ओलांडले.

४०,००० डॉलरची रेषा ओलांडली की ७० टक्क्यांवर ४० टक्के कृषी उपकर चढतो. मग ३६ लाखांची गाडी शुल्कानंतर ७५.६ आणि जीएसटीनंतर सुमारे १०६ लाखांची होते. म्हणून जादा चाकं, स्पॉयलर असलं काही तिथूनच बसवून घेण्याआधी रेषा कुठे आहे ते बघा.

गाडी कोरी हवी, कुठेही नोंदणी न झालेली, उजव्या स्टिअरिंगची, हेडलाइट डाव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीचे, आणि ज्या देशात बनली तिथूनच निघालेली. दुबईत एखाद्याने सहा महिने वापरलेली ‘नव्यासारखी’ या अटीत बसत नाही, एजंट कितीही गोड बोलला तरी. सुट्या भागांचा विचार वेगळाच. पुढची काच फुटली तर गाडी किती महिने उभी राहील, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

तेवढे पैसे नाहीत. माझ्या जुन्या सेडानच्या स्प्रिंगा एक-एक वेढा कापून ती कूपेसारखी बसवायची आहे. मिस्त्री म्हणतो दोन तासांचं काम.
— एक वाचक, अशोक चौक

काम दोन तासांचंच आहे, पस्तावायला मात्र वर्ष मिळेल. स्प्रिंगेचे सहा वेढे काम करत असतील आणि एक कापला तर उरलेली स्प्रिंग सहा भागिले पाच पट, म्हणजे २० टक्के जास्त कडक होते. शॉक ॲब्सॉर्बर जुन्या कडकपणाचाच. तो तिला आवरू शकत नाही आणि गाडी उड्या मारते. त्यात आधी बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शन पूर्ण दबलं की आपटतं त्या रबरापर्यंत) ७० मिलिमीटर जागा असेल आणि गाडी ३५ ने बसवली, तर उरली निम्मी. प्रत्येक खड्ड्यात रबर आपटणार. कापलेलं टोक खालच्या खोबणीत सपाट बसत नाही, म्हणून जॅकवर उचलली की स्प्रिंग सैल होऊन सरकते. गॅसने कापली तर शेजारच्या वेढ्याचं पाणी उतरतं आणि ती तिथेच तुटते. चाकांचा कोन बदलल्याने टायर आतल्या कडेने झिजतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाही.

शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं निमित्त.

तेच पैसे या क्रमाने घाला. आधी लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, मग चारही शॉक (निदान जोडीने), मग चांगले टायर, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. क्रम उलटा केलात, म्हणजे ढिल्या बुशवर अलाइनमेंट केलंत, तर पावती घरी पोचेपर्यंत आकडे हललेले असतात.

नाव परत आणायचंच तर आपल्या सिएराचं काय? तिचा आरडाओरडा का नाही झाला?
— एक वाचक, पंढरपूर

झाला, पण मागच्या बाजूच्या काचांवरून झाला. १९९१ ची टाटा सिएरा तीन दारांची, मागे दोन्ही बाजूंना छतापर्यंत वळलेल्या मोठ्या काचा असलेली. २०२० च्या ऑटो एक्स्पोत कॉन्सेप्ट आली, नोव्हेंबर २०२५ मध्ये गाडी आली ती पाच दारांची, आणि त्या काचांचा नुसता आभास काळ्या पट्टीने दिलेला. मागे बसणाऱ्या आजी-आजोबांना दार मिळालं, म्हणून घरोघरी राग लवकर निवळला. दोन दारांच्या कूपेला ही सूट मिळत नाही.