गुठळी रक्तात, मग ग्राही पेशीवर कशासाठी?

प्रश्न : पाळीच्या वेळी फार रक्तस्राव होत असल्याने डॉक्टरांनी मला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. त्या गुठळी विरघळू देत नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्याविषयी वाचताना ‘पेशींवरील प्लाझ्मिनोजेन रिसेप्टर’ (म्हणजे ग्राही) हा उल्लेख आढळला. गुठळी रक्तात होते, तर तिचा पेशींवरील ग्राहींशी संबंध काय?

उत्तर : गुठळीचे जाळे फायब्रिन या प्रथिनाचे असते आणि ते तोडते प्लाझ्मिन हे विकर. रक्तात मात्र फिरत असते ते त्याचे यकृतात तयार झालेले निष्क्रिय रूप, म्हणजे प्लाझ्मिनोजेन. प्लाझ्मिन इतरही अनेक प्रथिने तोडते. म्हणूनच ते मोकळे सुटले की अल्फा-2-अँटिप्लाझ्मिन हे रक्तातील रोधक प्रथिन त्याला क्षणात निकामी करते. तेव्हा प्लाझ्मिन कोठे तयार व्हावे, हाच खरा प्रश्न आहे आणि ग्राहींचे काम तेथेच सुरू होते.

प्लाझ्मिनोजेनच्या रेणूत पाच वेटोळी असतात. डेन्मार्कमधील एका गोड पावावरून त्यांना ‘क्रिंगल’ म्हणतात. चित्रात पाहिल्यास आपल्याला कडबोळे आठवेल. त्यांपैकी काहींना एक खाच असते आणि तिच्यात लायसिन हे अमिनो आम्ल चपखल बसते. पेशीच्या पृष्ठभागावर ज्या प्रथिनांच्या टोकाला लायसिन असते, ती प्लाझ्मिनोजेनला धरून ठेवतात; हेच ते ग्राही. त्यांतले अल्फा-इनोलेज तर मूळचे पेशीच्या आत ग्लुकोजच्या विघटनात राबणारे विकर आहे. एकदा असे धरले गेले की मिटलेला रेणू उलगडतो, त्याचे प्लाझ्मिन करणाऱ्या सक्रियकांना तो कापणे सोपे जाते, आणि तयार झालेल्या प्लाझ्मिनच्या खाचा आधीच भरलेल्या असल्याने अँटिप्लाझ्मिनलाही, जे स्वतः लायसिनच्याच आधाराने पकड घेते, ते सहज हाती लागत नाही. असे सुरक्षित राहिलेले प्लाझ्मिन वाटेतली प्रथिने तोडत असल्याने भक्षक पेशी ऊतींतून वाट काढत सुजेच्या जागी पोहोचू शकतात. दुर्दैवाने कर्करोगाच्या पेशी आणि स्ट्रेप्टोकोकससारखे जीवाणूही हीच युक्ती वापरतात.

ग्राही प्रमाणाबाहेर वाढले तर काय होते, हे अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात दिसते. या रक्तकर्करोगाच्या पेशींवर ॲनेक्सिन ए2 आणि त्याचे जोडीदार प्रथिन एस100ए10 ही ग्राहीची जोडी भरपूर असते. त्यामुळे प्लाझ्मिन वाजवीपेक्षा जास्त तयार होते आणि या आजारातील जीवघेण्या रक्तस्रावाला तेही कारणीभूत ठरते. जीवनसत्त्व ‘अ’पासून मिळणारे ट्रेटिनॉइन दिल्यावर पेशींवरील ही जोडी घटते.

आता तुमची गोळी. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने 1962 मध्ये जगापुढे आणलेले हे औषध लायसिनसारखेच दिसते. ते खाचेत आधीच जाऊन बसते. मग प्लाझ्मिनोजेनला ना फायब्रिनवर पकड मिळते, ना पेशीवर, आणि गर्भाशयात धरलेली गुठळी टिकून राहते. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना ते अवश्य सांगा.